मी धुतलेली सावली

उंद्रीच्या स्टँडवर नात माझ्यापुढे एस्टीत चढली. मागच्या सीटवरच्या पोरांनी अंग चोरलं अन् मोबाइल लावला. त्यातून एक बाई ओरडली, "दूर सरक वो पोरी, सावली पडते." गाडी हसली. नात मान खाली घालून उभी.

तो आवाज माझा होता.

पाटलाच्या घरच्या पोराचं मोबाइलवर चॅनेल आहे. गेल्या साली तो भीमनगरात आमच्या अंगणात आला. "आजी, जुनं काही सांगा." मी विहिरीचं सांगितलं. लहानपणी पाणी मागायला गेले की त्याचीच पणजी कशी ओरडायची, ते नाकात बोलून दाखवलं. मग पुढचं. मी इतकी येडी, की सावलीला खरंच काही लागलं असेल म्हणून घरी येऊन तिच्यावर घागर ओतली. चिखल झाला, सावली तिथंच. शहाणी मी, पुन्हा घासायला बसले. पाणी सांडलं तरी मायनं मारलं नाही. तोंड फिरवून उभी राहिली. काऊन, ते फार उशिरा कळलं.

पोरानं नक्कल तेवढी ठेवली. वर ढोलकी, हसण्याचे आवाज. विहीर गेली, माय गेली. लय लोकांनी पाहिलं म्हणे. अन् म्हातारपणी मी हिरोईन झाले. पावडर लावून ओट्यावर बसायची, व्हिडिओवर लाल बदाम किती आले विचारायची.

एस्टीतून उतरल्यावर नात म्हणाली, "आजी, ते तुले हसले का मले?"



परवा तो पोरगा परत आला. "आजी, तोच डायलॉग मारा. लोक मागून राह्यले."

"सावली धुतली, ते काऊन कापलं बे?"

"लंबं होते ते. हसू नाही आलं तं लोक बोटानं पुढं सरकवतात. मंग मोबाइल तो व्हिडिओ दाखवतच नाही कोणाले."

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. त्याच्या पणजीला निदान राग तरी यायचा.

"पुसून टाक ते. अन् ऊठ."

"आता पुसून काय होते, आजी? पोराईनं कवाच आपापल्या मोबाइलमधी घेतलं."

तो उठून गेला. आवाज राहिला.

आता एस्टीत तो आवाज लागला की मी दांडा धरून उभी राहते. कापलेलं तिथून सांगायला लागते. घागर, चिखल, माय. पोरं खिडकीबाहेर बघतात. बघू दे. चिखली येईपर्यंत सांगते.

मी बोटानं सरकत नाही.