मास्तरीणबाईंनी लावलेली जोडी

मास्तरीणबाई गाडी शिकवतात. पन्नाशीची माणसं घाबरून क्लचऐवजी ब्रेक दाबतात, विशीतली घाबरायचंच विसरतात; दोघांनाही त्या एकाच आवाजात सांगतात, "आरशात बघा. माझ्या तोंडाकडे काय बघताय, मी काही समोरून येत नाहीये." शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. घरी जेवतानाही बाईंचा तो पाय अधांतरीच असतो, असं त्यांचा नवरा म्हणतो.

उरलेल्या वेळात त्या जोड्या लावतात. लग्नाच्या नव्हेत. त्यांची धाकटी बहीण अशा एका कॅन्सरनं गेली, की त्याचं नाव डॉक्टरांनाही आधी पुस्तकात बघावं लागलं. बहिणीची शेवटपर्यंत एकच भुणभुण होती, "मला झालंय ते आणखी कुणाला तरी झालं असेल ना गं? एक माणूस शोध." बाईंना तो सापडला, पण ती गेल्यावर. दुसऱ्या गावात, चांगला हिंडता-फिरता होता.

तेव्हापासून त्या एका संस्थेत आहेत. संस्था म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानामागची खोली, दोन फोन आणि पाळीपाळीनं येऊन बसणारी पाच-सहा बिनपगारी माणसं. दुर्मिळ कॅन्सरचा नवा रुग्ण आला की त्याच आजारातून गेलेला जुना माणूस हुडकायचा आणि दोघांना समोरासमोर बसवायचं, हे पहिलं काम. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा रुग्णाच्या परवानगीनं संशोधकांपर्यंत पोचवायचा, हे दुसरं. असे रुग्णच इतके थोडे, की संशोधकांना अभ्यासायला गाठी मिळत नाहीत. मग औषध शोधणार कशावर?

जोडी लावायचा एक नेम आहे. जुन्या माणसाला नेण्याआधी फोन करून विचारायचं, सध्या तब्येत कशी आहे, शेवटची तपासणी कधी झाली. पोस्टमनकाकांना बाईंनी ते विचारलं नाही.

काका म्हणजे संस्थेचं हुकमी पान. नडगीच्या हाडातल्या गाठीपायी त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला, त्याला नऊ वर्षं होऊन गेली. सायकल सुटली, टपाल कचेरीच्या खिडकीमागं बसायला लागले, पण तोंड आणि नकली पाय दोन्ही सारखेच चालू. "यांच्याकडे बघा," असं म्हणत बाईंनी त्यांना इतक्या खाटांपाशी उभं केलं होतं, की काकांना पुन्हा काही होऊ शकतं हे बाईंच्या डोक्यातून गेलंच होतं.

त्या दुपारी एका रंगाऱ्याकडे जायचं होतं. तोच आजार, पायही तोच. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि गडी घरी जायला निघालेला. त्याची बायको फोनवर रडकुंडीला आली होती. "ताई, डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. जगलेला माणूस दाखवा हो त्याला कुणीतरी."

शिकवणीची गाडी काकाच चालवत होते, बाई शेजारी. नकली पायानं क्लच दाबायला बाईंनीच शिकवलं होतं त्यांना.

"मास्तरीणबाई, एक सांगू? ओरडायचं नाही."

"समोर बघून सांगा."

"छातीत डाग निघालाय, त्याच आजाराचा. गेल्या आठवड्यात कळलं."

गाडी जागच्या जागी थांबली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला.

"अहो, सिग्नल हिरवा आहे," काका म्हणाले. "आणि ब्रेक तुम्ही दाबलाय."

बाईंनी पाय उचलला. "हे आधी नाही सांगायचं?"

"विचारलंत कुठं? 'चार वाजता तयार राहा,' म्हणालात आणि फोन ठेवलात."

पुढं दोन चौक गेले. मग बाई म्हणाल्या, "गाडी वळवा. मी एकटी जाते त्याच्याकडे."

"एकटीला बघून तो काय करणार? तुमचे दोन्ही पाय आहेत. मी सांगतो त्याला, ठणठणीत आहे म्हणून. पाप लागलं तर मला."

"आणि उद्या त्याला कळलं म्हणजे?"

"कळू दे की. तोवर पाय गेलेला असेल आणि जीव राहिलेला असेल."

काका म्हणत होते ते खोटं होतं, आणि त्यात एका माणसाचा जीव वाचत होता. खरं बोलावं तर तोच माणूस उठून घरी जाणार होता. काकांची गोष्ट परक्यापुढं उघडी करायचा हक्कही त्यांना नव्हता. दवाखान्याच्या जिन्यात त्या एवढंच म्हणाल्या, "काका, काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी खोट्याला मान डोलावणार नाही."

रंगारी खाटेच्या कडेवर बसला होता. शर्ट बदललेला, पिशवी भरलेली. बायको दाराशी उभी, जणू अंगानंच वाट अडवून धरली होती.

काकांनी नेहमीसारखी पँट वर केली आणि पायावर टिचकी मारली. "बघ. याला खाज सुटत नाही, डास चावत नाही. मोजा मात्र एकच धुवावा लागतो, म्हणून बायको खूश."

रंगाऱ्याच्या बायकोला हसू फुटलं. रंगारी हसला नाही. "आजार गेला का तुमचा? पूर्ण?"

"नऊ वर्षं झाली."

"ते नाही विचारलं. गेला का?"

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे बघत होत्या. मान हलली नाही.

"नाही गेला," काका म्हणाले. "गेल्या आठवड्यात छातीत दिसलाय."

रंगारी उठलाच. "मग हा नमुना दाखवायला आणलात होय? पायही द्या आणि वर परत मरा!" पिशवी उचलून, बायकोचा हात झटकून तो लंगडत बाहेर पडला. बायको बाईंवर उसळली, "ताई, जगलेला माणूस मागितला होता मी तुमच्याकडे!"

काका खटखट करत बाहेर धावले, तशा दोघीही मागोमाग गेल्या.

जिन्याच्या तोंडाशी एक दुखऱ्या पायाचा आणि एक नकली पायाचा, असे दोघं कठड्याला धरून धापा टाकत उभे होते.

"पाय ठेवलास तर वर्षभरसुद्धा नाही, असं मला सांगितलं होतं," काका म्हणत होते. "नऊ मिळाली. फुकट नाही मिळाली, पण मिळाली. टपालाच्या खिडकीमागं बसून काढली."

"आणि आता?"

"आता काय. एकच डाग आहे, काढता येईल म्हणतात."

"कधी काढताय?"

काकांनी कठड्यावरचा हात बदलला. बाईंनी चमकून वर पाहिलं.

"कधी काढताय, काका?" रंगाऱ्यानं पुन्हा विचारलं.

"बघू की. जरा... पुरे झालं वाटतं रे. पुन्हा ते टाके, पुन्हा ती नळी."

रंगारी त्यांच्याकडे बघतच राहिला. मग असा भडकला, की वरच्या मजल्यावरची नर्स वाकून बघायला लागली. "म्हणजे मी उद्या पाय कापून घ्यायचा आणि तुम्ही खिडकीमागं तिकिटं चिकटवत बसणार? लाज वाटत नाही? मोठे आले शिकवायला!"

टपाल कचेरीच्या खिडकीवरही त्यांना कधी कुणी असं झापलं नव्हतं.

"लावा फोन," रंगारी म्हणाला. "डॉक्टरला. माझ्यासमोर. तारीख घ्या. मग मी माझं बघतो."

काकांनी फोन काढला. नंबर लागेना. पुन्हा लावला. पलीकडून कुणीतरी थांबायला सांगितलं. चौघंही जिन्यात उभे राहिले, एका कानाला लागलेल्या फोनकडे डोळे लावून. पलीकडून काही विचारलं गेलं. काका म्हणाले, "हो, मीच तो... हो, करायचंय." मग फोन खाली घेऊन हळूच म्हणाले, "पुढच्या बुधवारी."

रंगाऱ्यानं पिशवी बायकोच्या हातात दिली आणि तो खोलीकडे वळला. दारात थांबून बाईंना म्हणाला, "माझी गाठ तुमच्या शोधवाल्यांना हवीय, असं बायको म्हणत होती. घ्या. पण या काकांच्या छातीतलीही घ्या. एकट्या माझ्यावर काय शिकणार ते?"

"घेऊ," बाई म्हणाल्या. "काका देत असतील तर."

"देतो बाबा," काका म्हणाले. "आता तुझ्यापुढं नाही म्हणायची सोय आहे का?"

"आणि बुधवारी मी येणार," रंगारी म्हणाला. "कसा येईन ते माहीत नाही. चाकाच्या खुर्चीवरून ढकलत आणलं तर तसा. पण तुम्ही आत गेलात की नाही, ते मी डोळ्यांनी बघणार."