गर्दीवाले सर

संस्थेत त्यांना सगळे गर्दीवाले सर म्हणायचे. हे नाव पाडलं कॅन्टीनवाल्याने. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा पसारा, आणि तिच्या ऐन मध्यावर तारे नुसते खच्चून भरलेले. सरांनी उभी हयात त्या दाटीचा अभ्यास करण्यात घातली. स्वतः मात्र चार माणसं जमली की दाराजवळची जागा धरायचे.

त्यांचं म्हणणं एकच. ही दाटी मूळची तिथली नाही. बाहेरचे लहान तारकागुच्छ हळूहळू आत ओढले गेले आणि त्यांचाच हा मोठा गुच्छ झाला. त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलेल्या एका दीर्घिकेबद्दल तर ते छातीठोकपणे सांगत, "सगळे बाहेरून आलेत. तिथला एकही नाही."

निवृत्तीनंतर ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग सुनेचं नाव. घरात जीव रमेना, म्हणून सून रोज सकाळी त्यांना संस्थेत आणून सोडायची. तिथे त्यांच्या जुन्या खोलीत आता त्यांची शेवटची विद्यार्थिनी काम करत होती. खिडकीजवळची खुर्ची तिने त्यांच्यासाठी राखली होती.

आणि नेमकं तिच्याच हातून सरांच्या म्हणण्याच्या उलट निघालं. त्यांच्या त्या दीर्घिकेच्या मधल्या गुच्छाच्या प्रकाशाची फोड करून तिने ताऱ्यांची वयं काढली. बाहेरचे गुच्छ म्हाताऱ्या ताऱ्यांचे. इथले बहुतेक तारे तरुण निघाले. म्हणजे ते तिथल्याच वायूतून, तिथेच जन्मले होते. तिने पुन्हा पुन्हा पडताळलं. उत्तर बदललं नाही.

तिने सरांच्या बायकोला फोन केला. "काकू, सांगू का त्यांना?"

"नको गं. तेवढंच तर उरलंय त्यांच्याजवळ."

पण एका सकाळी सर अगदी पूर्वीसारखे, लख्ख आले. बसता बसता म्हणाले, "अगं, माझ्या गुच्छाचं काय झालं?"

निरीक्षणांच्या बाबतीत ती त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. सर आलेखावर बोट फिरवत राहिले.

"मोजण्यात चूक?"

"नाही, सर."

"म्हणजे तिथेच जन्मले."

"हो."

"छान काम केलंस," ते म्हणाले. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते आलेख विसरले होते. दुःख मात्र तसंच होतं.

"कोणी गेलं का गं?"

"नाही, सर."

"मग मला असं का होतंय? तू लपवतेयस काहीतरी."

तिने सगळं पुन्हा समजावलं. ते पुन्हा "छान काम केलंस" म्हणाले आणि पुन्हा तसेच बसले. त्यानंतर तिने सांगणं सोडून दिलं. सरांचं विचारणं सुटलं नाही. सुनेला, मुलाला, दूध टाकणाऱ्याला, ज्याला त्याला ते विचारायचे, कोण गेलं? पुढे घराबाहेर पडणं थांबलं, मग अन्नावरची वासना उडाली. वर्ष संपायच्या आत ते गेले.

ती भेटायला गेली तेव्हा काकू म्हणाल्या, "शेवटी कसलं एवढं लागलं होतं गं त्यांना? तुला काही बोलले होते?"

तिने सांगितलं. काकू बराच वेळ पदराचं टोक चिमटीत चुरगाळत राहिल्या.

"मी नको म्हटलं होतं ना तुला."

लेख छापून आला, त्यावर सरांचंही नाव होतं. तिने काकूंना सांगायला सरांच्या घरी फोन केला. सुनेने उचलला. "सांगते हं त्यांना," म्हणाली आणि ठेवून दिला.