पात्यावरची लाली

“मला काय इचारता? पात्याला इचारा,” असं म्हणून काकी आपली कोयती निळ्या पाण्याच्या पिंपात बुडवायची, मनात काहीतरी मोजायची आणि पातं वर काढून आभाळाकडे धरायची. लोखंडावर तांब्याची लाली दिसली, की पिंपात आणखी चुन्याचं पाणी. पातं साफ निघालं, की पदराला हात पुसून हुकूम सुटायचा, “चढा आता.”

ज्यांच्या दारात पोफळी आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. पावसात कोळेरोग आला, की सुपारीचे घड झाडावरच कुजतात. दुकानात नवनव्या बाटल्या मिळतात, पण राजापूरकडच्या आमच्या वाडीत आजही तांब्याचा निळा मोरचूद आणि चुना कालवूनच फवारतात. चुना कमी पडला तर मात्र हेच औषध कोवळी सुपारी जाळतं. म्हणून साऱ्या वाडीचं पिंप काकीच्या हातचं. नवरा गेल्यावर त्याचं हे काम तिने कुणाला न विचारता उचललं होतं.

“मोरचुदाने चुन्याच्या घरी जायचं, चुन्याने मोरचुदाच्या नाय,” हा तिचा कायदा. म्हणजे मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, उलट नाही. एकदा मी घाईने उलट ओतायला निघालो, तर “मास्तर, वरात चुकली तुमची!” म्हणून पुढची दोन वर्षं चारचौघांत माझी चेष्टा चालली.

एकदा कृषी खात्याचे साहेब रंग बदलणारा कागद घेऊन आले. त्यांचा कागद आणि हिचं पातं, दोघांचं उत्तर एकच आलं. “हुशार हाय तुमचा कागद,” काकी म्हणाली, “पण त्याने गवत कापता येतं काय?” साहेब पोट धरून हसले.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तिने कुणाला सांगितलं नाही, पण पातं डोळ्यांच्या फार जवळ धरायला लागली. माझ्या ते ध्यानात आलं होतं.

त्या वर्षी आषाढात दोन दिवस उघडीप मिळाली. पिंप माझ्याच बागेचं, माझ्याच अंगणात कालवलं होतं. मला सभेसाठी राजापूर गाठायचं होतं आणि एसटीचा आवाज वळणावर ऐकू येत होता. काकीने पातं वर धरलं, मग माझ्याकडे वळवलं.

“मास्तर, जरा बगा हो. लाली हाय काय?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने कुणाला तरी विचारलं होतं. मी पायरीवरून पिशवी खांद्याला लावत म्हणालो, “नाही काकी, साफ आहे.” मी पाहिलंच नव्हतं.

आठ दिवसांत माझ्या बागेत करपलेल्या सुपाऱ्यांचा सडा पडला. काकी आली. एक सुपारी उचलून तिने नखाने टोकरली आणि म्हणाली, “माझंच कायतरी चुकलं, मास्तर.”

“असू दे काकी, होतं असं,” मी म्हणालो. मी तिला माफ केलं! वाडीनेही माझंच सांत्वन केलं. काकीची नजर गेली, असं सगळ्यांनी ठरवलं आणि पुढच्या फवारणीला तिला कुणी बोलावलं नाही. पातं मास्तरांनी पाहिलं होतं, एवढं एक वाक्य ती कुठेही बोलली नाही. मीही बोललो नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

दिवाळीनंतर तिचा मुलगा तिला मुंबईला न्यायला आला. आज सगळं सांगायचंच, असं ठरवून मी तिच्या ओट्यावर गेलो. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “मास्तर, मी आठवून आठवून दमले. मोरचूद नीट तोलला व्हता. पातं तुम्ही बगितलंत, म्हंजे ते साफच व्हतं. मंग चुकलं कुठं?”

तिच्या त्या डोळ्यांकडे मला बघवेना.

“चुना जुना असेल,” मी म्हणालो.

“व्हय ना?” ती केवढी हलकी झाली. आत बांधाबांध करणाऱ्या मुलाला तिने हाक मारली, “ऐकलंस काय रे? मास्तर पन तेच बोलतायत. चुनाच जुना व्हता.”

काकी मुंबईहून परतली नाही. उन्हाळ्यात ती गेल्याचा फोन आला.

चुना ताजा होता. फवारणीच्या आदल्या दिवशी बाजारातून मीच आणला होता.