केसपेपरच्या खिडकीतल्या बाई

बीपीच्या गोळ्यांसाठी मी दर महिन्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात जातो. खिडकीत त्याच बाई असतात. केसपेपर लिहिणं आणि नंबर आला की नाव पुकारणं, दोन्ही त्यांच्याच गळ्यात. प्रत्येक नाव पुटपुटत लिहितात. त्यांचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी टीव्हीवर दोन पुढारी भांडत होते, अठराच्या आतल्या ट्रान्सजेंडर मुलांवर उपचार करावेत की नाही यावर. रांगेतही तोच वाद. खिडकीशी लाखांदूरची एक आई होती, सोबत चौदा-पंधरा वर्षांचं लेकरू. आधारकार्डावर नाव रोशन. लेकरू हळूच म्हणालं, "रोशनी." 

"कागदावर आधारवालंच लागते," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "पण हाक त मलेच मारा लागते."

नंबर आला तशी त्यांनी खणखणीत हाक दिली, "रोशनी!"

थोड्या वेळाने मायलेकी परत खिडकीशी आल्या. नियम ठरेपर्यंत थांबा, असं डॉक्टर म्हणाले होते.

"किती दिवस, मॅडम?" आईने विचारलं.

"मले नाही माहीत, बाई. पोरीले घेऊन येत राहा. मी इथंच आहो."

त्या गेल्या. केसपेपरच्या रांगेत आता मीच पुढे होतो. बाई पेन धरून नुसत्याच बसल्या होत्या.

"घाई नाही," मी म्हणालो.