धुराड्यातली चप्पल

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये नवीकोरी टाउनहाउसं मिळत असताना माझ्या नवऱ्याने घेतलं काय, तर कोण्या इंग्रज शेतकऱ्याने बांधलेलं फार्महाउस! शेत केव्हाच गेलं, तिथे आता आपलीच मंडळी राहतात. उरलंय ते हे घर. जमीन उतरती, दारं बुटकी. नवऱ्याचं डोकं रोज चौकटीला आपटतं आणि कपाळ चोळत तो म्हणतो, "ओरिजिनल आहे हं!" फायरप्लेसमध्ये त्याने आजवर काडी पेटवलेली नाही. इतिहास जळेल म्हणून.

त्याला हवी होती पाटी. गावच्या इतिहास मंडळाचं कुणीतरी येऊन घर तपासतं आणि पसंत पडलं, तर दाराशेजारी लावायला पितळी पाटी देतं. मी पुण्याची, पाटीचं वेड मला कळतं. पण ह्याने ताळच सोडला होता. मंडळाच्या बाई येणार, घराला वास नको, म्हणून म्हणे मी फोडणीसुद्धा द्यायची नाही! "मग काय उकडलेले बटाटे खायचे?" मी विचारलं, तर म्हणाला, "ते ऑथेंटिक होईल."

त्यात नागपूरहून सासूबाई आल्या होत्या. घर बघून त्या म्हणाल्या, "आपलं एवढं जुनं घर, आणि दृष्टीसाठी काहीच बांधलं नाही? काय बाप्पा!" दुसऱ्या दिवशी मागच्या दारावर त्यांची जुनी, निळ्या पट्ट्यांची रबरी चप्पल लटकत होती.

नवरा भडकला. "आई, दारावरून काढ ते आधी! इंग्रजी घर आहे हे, तुझं नागपूर नाही."

सासूबाईंनी चप्पल काढली. जेवताना अर्धीच पोळी घेतली. मी आग्रह केला, तर म्हणाल्या, "राहू दे. तुमच्या घरी तुम्ही म्हणाल तसं." मला नवऱ्याचा असा राग आला! त्या दिवशी मी मुद्दाम हिंगाची सणसणीत फोडणी दिली.

मग मंडळाच्या बाई आल्या. पिकलेल्या केसांच्या, हातात टॉर्च. त्यांनी तुळया ठोकून पाहिल्या, खिळे निरखले. नवरा मागे मागे, नव्या नवरीसारखा. शेवटी त्या फायरप्लेसपाशी गुडघे टेकून बसल्या, धुराड्यात हात घालून चाचपू लागल्या आणि एकदम थांबल्या. हात बाहेर आला, तो निळ्या पट्ट्यांची चप्पल घेऊनच.

नवऱ्याचा चेहरा पार उतरला. हसू लपवायला मी तोंडाला पदर लावायला गेले, तर अंगात जीन्स-टीशर्ट. सासूबाई सोफ्यावरून शांतपणे म्हणाल्या, "दारावरून काढ म्हणाला होतास. काढली."

नवरा "सॉरी, सॉरी" करत सुटला. मी मात्र बाईंना सगळं सांगून टाकलं. जुनी चप्पल लावली, की घराला दृष्ट लागत नाही.

बाई चक्क खूश झाल्या! म्हणाल्या, इंग्रज शेतकरीही हेच करत. घरात वाईट काही शिरू नये म्हणून धुराड्यात जुना जोडा लपवत. ह्या घरातही एका लहान मुलाचा जोडा होता. आधीच्या मालकांनी दुरुस्तीच्या वेळी तो काढून मंडळाला दिला. त्याचाच रिकामा कोनाडा त्या चाचपत होत्या.

मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. "मग!" त्या म्हणाल्या. "लेकुरवाळी असेल ती शेतकरीण. तिला समजत होतं." बाईंनी चप्पल जिथल्या तिथे परत ठेवली.

पाटी आली. नवऱ्याने ती स्वतः लावली, पुसून पुसून लखलखीत केली. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "फार चमकते रे. दृष्ट लागेल."

नवरा तडक आत निघून गेला. झालं, पुन्हा फुगला, असं मला वाटलं. पण तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात हातोडी होती आणि दुसऱ्या हातात निळ्या पट्ट्यांची उरलेली चप्पल.

"आई," तो म्हणाला, "आपल्या घराला खिळा कुठे ठोकू, तेवढं सांग."