दुमडलेले कान

माझे दीर कधी कुणाकडे काही मागणारे नव्हते. नया बाज़ारात त्यांचं चष्म्याचं दुकान. सकाळी दहाला जायचं, संध्याकाळी आठला यायचं, पानात पडेल ते जेवायचं. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही, हे मी या घरात आले तेव्हा विचारलं नाही आणि पुढे विचारायची वेळ निघून गेली. माझे यजमान वारल्यावर हरिशंकरपुरमच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. दिवसाकाठी आमची दहा वाक्यं होत असतील, त्यातली चार भाजीची.

म्हणून एका संध्याकाळी ते झाकणाची टोपली घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमची हरकत नसेल तर हिला ठेवून घेऊ या का?" तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

टोपलीत आठ महिन्यांची राखाडी मांजरी होती. दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची बदली झाली होती आणि नव्या क्वार्टरमध्ये तिला नेता येत नव्हतं. चेहरा वाटोळा, डोळे मोठे, मधाच्या रंगाचे, आणि कान पुढे दुमडून डोक्याला चिकटलेले. समोरून बघितलं तर घुबडाचं पिल्लू वाटावं.

"स्कॉटिश फोल्ड म्हणतात या जातीला," भाऊजी म्हणाले. "देशी नाही ही."

ते तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. जेवताना फोनवर वाचलेलं सांगायला लागले. "वहिनी, स्कॉटलंडमध्ये एका शेतावर एक साधी पांढरी मांजर होती म्हणे. उंदरांसाठी ठेवलेली. तिचे कान आपोआपच असे निघाले. मग तिच्या पिल्लांपासून लोकांनी ही जात केली. जगात असल्या कानांची जेवढी आहेत, ती तिचीच प्रजा."

मला राहवलं नाही. ताटाशेजारी ओल्या बोटाने आनुवंशिकतेचा चौकोन काढून मी त्यांना समजावलं. हा गुण प्रभावी आहे, आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. जन्मताना पिल्लांचे कान सरळच असतात, तीन-चार आठवड्यांनी ज्यांचे दुमडायचे त्यांचे दुमडतात. मग सयामी मांजरीचं सांगितलं, की तिचे कान, पंजे नि शेपूट काळी असते कारण अंगाचा तेवढा भाग थंड राहतो. भाऊजी हात वाळेपर्यंत ऐकत बसले. किती तरी वर्षांनी मला कुणी इतकं लक्ष देऊन ऐकत होतं. त्या वर्षी आमची जेवणं लांबली.

बाई बसायची मोठी गमतीदार. पाठ भिंतीला टेकून, मागचे पाय पुढे पसरून, गादीवर रेलून बसलेल्या शेठजींसारखी. येणारा-जाणारा फोटो काढायचा. भाऊजींनी तो फोटो दुकानात काउंटरवर लावला.

दुसऱ्या हिवाळ्यात ती खिडकीत उडी मारेनाशी झाली. "थंडी किती आहे," भाऊजी म्हणाले, आणि तिच्या टोपलीत जुनी शाल घातली. आमच्या उत्तरेकडची थंडी असतेच तशी, चार-चार दिवस ऊन दिसत नाही. पण मकर संक्रांत झाली, ऊन पडायला लागलं, तरी ती तशीच. एका सकाळी तिने भाऊजींच्या खाटेवर चढायचा प्रयत्न केला. पुढचे पंजे चादरीत अडकले, मागचे पाय वर आलेच नाहीत, आणि ती लोंबकळून खाली पडली. ओरडली नाही. पुन्हा खाटेकडे बघत उभी राहिली.

त्या दिवशी भाऊजींनी दुकान उघडलं नाही. आम्ही दोघं तिला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, सावकाश बोलणारी. तिने शेपूट हळूच वाकवून पाहिली, ती वाकेना. मग एक्स-रे काढला, काचेवर लावला, आणि पंज्यांपाशी हाडं एकमेकांत मिसळल्यासारखी दिसत होती तिथे पेन टेकवला.

"अंकल, जिस वजह से कान मुड़े हैं, वही चीज़ पूरे शरीर में है," ती म्हणाली.

कानाची कूर्चा कच्ची म्हणून कान दुमडतो. पण कूर्चा फक्त कानात नसते; गुडघ्यात असते, पंज्यात असते, शेपटीच्या मणक्यामणक्यात असते. पाय पसरून बसण्याबद्दल भाऊजींनी विचारलं, तर ती म्हणाली की सांधे दुखतात म्हणूनही पुष्कळशा तशा बसतात.

भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तर हेच शिकवत होतात. काही तरी असेल ना?"

"नाही भाऊजी," मी म्हटलं. "दुखणं कमी करता येईल, तेवढंच."

डॉक्टरनेही तेच सांगितलं. मला त्या खोलीत उभं राहवत नव्हतं. एका जनुकाचा परिणाम शरीरात अनेक ठिकाणी होतो, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिलेलं. पाण्याने चौकोन काढताना मात्र मी कानांपाशीच थांबले होते. आधी लक्षात आलं असतं तरी काही करता आलं नसतं, हे खरंच. पण ते मनाला पटवून देणं जमत नाही.

भाऊजींनी खाट माडीवर ठेवून दिली आणि जमिनीवर गादी घातली, म्हणजे तिला चढावं लागू नये. साठीच्या माणसाला रोज जमिनीवरून उठायचं म्हणजे काय, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. दाना ओली या गल्लीतल्या सुताराकडून त्यांनी खिडकीशी बुटक्या पायऱ्या करून घेतल्या. दोन पायऱ्या ती चढायची, तिसरीवर थांबायची.

याच सुमारास शेजारच्या ताई पिल्लू मागायला आल्या. त्यांना तसल्याच कानांचं हवं होतं. भाऊजींनी बाईचं ऑपरेशन करून घेतलं होतं. तिला आता पिल्लं होणार नाहीत, आणि का नकोत, हेही त्यांनी नीट सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं. महिन्याभरात दिल्लीहून एक पिल्लू मागवलं आणि दाखवायला घेऊन आल्या. पांढरं, तळहातावर मावेल एवढं, कान नुकतेच दुमडायला लागलेले.

"हमारी वाली तो बिल्कुल ठीक है," त्या म्हणाल्या. "सबको थोड़े ही होता है."

मी म्हटलं, कमी-जास्त असतं, पण असतंच, उड्या कमी मारू द्या, डॉक्टरांना दाखवा. त्या हसून म्हणाल्या, "दीदी, आप टीचर हो ना, इसलिए." पिल्लू भाऊजींच्या मांडीवर झोपलं आणि ताई जाईपर्यंत ते हलले नाहीत.

बाई आता सहा वर्षांची आहे. औषध चालू आहे. काही दिवस बरे जातात, काही दिवस ती टोपलीतून उठत नाही. या जातीत गोल चेहऱ्याची ब्रिटिश मांजरं मिसळून चेहरा मुद्दाम असा घडवला आहे, की ती कायम समाधानी दिसते. दुखतंय की नाही ते त्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही.

संध्याकाळी दुकानातून आले की भाऊजी चपला काढता काढताच विचारतात, "आज कसं होतं? दुखलं असेल का फार?"

मी दिवसभर तिच्याजवळच असते. तरी मला माहीत नसतं.

"कालच्यापेक्षा कमी वाटलं," मी म्हणते, आणि पानं घ्यायला आत जाते.