रेघ परत येईना

नातवंडांना वाटतं, आजीला मोबाइल कळत नाही. कळू नये असंच मी वागते, नाहीतर घरभराचे फॉर्म मलाच भरावे लागतील. खरं म्हणजे उंद्रीच्या रस्त्याला कापूस खरेदीचं एक केंद्र होतं, तिथला पहिला कॉम्प्युटर मीच चालवला. चिखलीला तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून, येणाऱ्याला दिसेल असं टेबलावर उभं केलं होतं. तितकी हुशार बाई मी पुन्हा पाहिली नाही.

तेव्हा बीटीचं बियाणं नवं होतं. सगळ्यांनी तेच पेरलं, बोंडंही सगळ्यांची एकदम फुटली आणि गाड्यांची रांग पार रस्त्यावर गेली. पेरणीच्या वेळी भरभरून बोलणारी माणसं वेचणीपर्यंत गप्प झाली होती. रांगेत भांडण्यापुरता मात्र आवाज शिल्लक होता.

माझं काम एवढंच. गाडीवाल्यांची नावं भरायची आणि काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची. प्रोग्राम नंबरवार यादी करायचा आणि काम झालं की लुकलुकणारी रेघ परत यायची. ती आली की यादी छापायची दुसरी आज्ञा. छापलेली यादी काट्यावर गेल्याशिवाय एकही गाडी आत जात नसे.

भानगड अशी, की यादी पडद्यावर सरकताना खिडकीतून दहा डोकी ती वाचायची. "अबे, त्याचा नंबर माह्या आंधी कसा?" ही कटकट नको म्हणून एका सकाळी मी कोर्सातली युक्ती काढली. आज्ञेपुढे बाणाची खूण आणि फाइलीचं नाव टाकलं की प्रोग्राम पडद्यावर जे लिहिणार ते सगळं गुपचूप त्या फाइलीत जातं. पडदा कोरा झाला. डोकी हिरमुसली. मी ऐटीत पदर सावरला.

आणि रेघ परत येईना.

खिडकीशी सर्वांत पुढे शेजारच्या खेड्यातली एक मावशी होती. तिचे बैल मागून आणलेले, दुपारी दुसऱ्याच्या गाडीला जुंपायचे होते. तोवर नंबर लागला नाही तर कापूस भरलेली गाडी तिथेच उघड्यावर टाकून बैल परत न्यावे लागणार होते, आणि आभाळ भरून आलं होतं.

"बाई, होते का?"

"होऊन राह्यलं, मावशी."

काही होत नव्हतं. प्रोग्राम तोडून पुन्हा चालवला, तिथेच अडला. मशीन बंद करून चालू केलं, तेच. प्रिंटरची वायर काढून खोचली, खरं तर प्रिंटरची पाळी आलीच नव्हती. कॅप्स लॉक दाबून पाहिलं, दिवा लागला. म्हणजे मशीन जिवंत होतं, अडला होता तो प्रोग्रामच. एखाद्या नावातच खोट असेल म्हणून यादीची नक्कल केली आणि त्यातली निम्मी नावं काढली. मग निम्म्यातली निम्मी. शेवटी एकच नाव उरलं, तरी रेघ येईना. त्या एका बिचाऱ्या माणसावर मी मनातून फार चिडले.

"बाई, एक इचारू?" मावशी म्हणाली.

"तुमाले नाही समजणार त्यातलं."

"नाही समजत. पण परवापासून इथंच उभी हाओ. रोज यादी झाली का खाली एक ओळ येते अन् तू न पाहताच एक बटन दाबते. आज काऊन नाही दाबलं?"

यादी संपली की प्रोग्राम विचारायचा, आणखी नावं आहेत का? माझं बोट सवयीनं 'नाही'च्या बटणावर पडायचं, इतकं सवयीचं की कोणी काही विचारतंय हेच मला ठाऊक नव्हतं. मी यादी लपवली, तिच्यासोबत प्रश्नही फाइलीत गेला. प्रोग्राम माझ्या उत्तरासाठी खोळंबलेला, मी त्याच्या रेघेसाठी.

बटण दाबलं. रेघ आली.

बाण काढून अख्खी यादी पुन्हा चालवली. दहा डोकी परत आली आणि भांडणही. मावशीचा नंबर चौथा होता. दुपारच्या आत तिची गाडी रिकामी झाली. निघताना तिनं बैल खिडकीशी थांबवले.

"हे मी सांगितलं म्हणून तुह्या साहेबाले नको सांगजो."

"काऊन?"

"मंग मलेच इथं बसवन थो, अन् माही वेचणी कोण करन?"